कट्ट वाजलं की थांबायचं

चहा घ्या निवांत, पण माझ्यापुढं टॉर्क पान्याचं नाव काढू नका. मी हात टेकलेत.

आमच्या गेवराईच्या गॅरेजात इंजिनचं काम रफिकचाचा बघतात. हात असला जड, की आवळता आवळता बोल्टच तोडतात. म्हणून मी बीडला गेलतो, मापात आवळायचा पाना बघायला. दुकानदारानं काट्याचा दाखवला. म्हणलं, "काटा बघायला चाचांना चष्मा लागतो. आवाजाचा द्या." ह्याला माप लावून ठेवायचं, तेवढं आवळलं की पाना कट्ट वाजतो.

चाचांना बजावून सांगितलं, "कट्ट वाजलं की थांबायचं."

"समजलं बे, मी काय ल्हान हाय का?"

पहिलीच जीप तेलगावच्या माणसाची. दुसऱ्या दिवशी पोरीच्या लग्नाला तीच न्यायची होती. मी बाहेर त्याच्याशी बोलत बसलो. आतून कट्ट ऐकू आलं, जीव भांड्यात पडला. लगेच मागून दुसरा आवाज आला, तो माझ्या लई वळखीचा.

पळत आत गेलो. बोल्टचं मुंडकं चाचांच्या तळहातावर, बाकीचा बोल्ट इंजिनात. आता इंजिन उतरवल्याबिगर तो निघायचा न्हाई, अन् बाहेरून गाडीवाला इचारतोय, "झाली का?"

"चाचा, वाजलं न्हाई का?"

"वाजलं की."

"मग अजून कावून आवळलं?"

चाचा माझ्याकडंच नवलानं बघायला लागले. "भाजीवाली बी तोलून झाल्यावर मूठभर वर टाकती. माप तर पुरं झालतं. हे वरचं आपल्याकडून."