थापेशिवाय उडी नाही

अध्यक्षस्थानी असलेल्या आमच्या कारखान्याच्या व्यवस्थापक प्रियदर्शिनी मॅडम, व्यासपीठावरील पाहुणे, उद्या मायदेशी निघणारे ब्राउअर साहेब, आणि पाळी संपवून बिरवाडीहून थेट आलेले कामगार बंधुभगिनी, टाकीसफाईतला मी जलील, आपणा सर्वांना नमस्कार करतो.

साहेब इथं यंत्रं बसवायला आले, हे सगळ्यांना ठाऊक. त्याआधी काय करत होते? जर्मन फौजेच्या एका हवाई ब्रिगेडमध्ये होते. विमानातून छत्री घेऊन उडी मारायची, हे काम. पुढे दोन्ही जर्मनी एक झाल्या. ज्या लढाईची वर्षानुवर्षं तयारी केली ती झालीच नाही, आणि ब्रिगेडच मोडली. मैदानात संचलन झालं, निशाण गुंडाळलं, माणसं घरी गेली. इतिहास एवढाच.

पण तिथला एक रिवाज साहेबांनी महाडला आणला. उडीआधी मागच्यानं पुढच्याचे पट्टे तपासायचे आणि पाठीवर थाप द्यायची. थापेशिवाय उडी नाही. आमच्याकडे, थापेशिवाय टाकीत उतरायचं नाही. आम्ही हसलो, खोटं कशाला बोलू?

तेव्हा माझं आणि पोलादपूरच्या हैबतीचं बोलणं बंद होतं. ईदला त्यानं पाळी बदलून दिली नव्हती, म्हणून. एकदा तो माझ्या मागे उभा, पण थाप देईना. मीही हट्टी, तसाच शिडीवर पाय टाकला. साहेब ओरडले, "थाप किधर है?"

"मी नाय त्याला हात लावायचा!" हैबती म्हणाला.

साहेब वाट अडवून उभे. शेवटी हैबतीनं रागारागानं माझ्या मास्कचा पट्टा ओढला, तर तो तुटून त्याच्या हातातच आला. टाकीत गॅस होता. "मेला असतास रे!" म्हणून तो मला धरून रडला. मीही रडलो. माझी बायको रिझवाना समोर बसली आहे, तिला हे आत्ताच कळतंय. गो, घरी गेल्यावर बोल काय ते.

परवा साहेबांना विचारलं, रांगेतल्या शेवटच्याची पाठ कोण बघतं? मोडक्या हिंदीत म्हणाले, तो वळतो, मग त्याच्या पुढचा त्याची पाठ बघतो. मग म्हणाले, "ब्रिगेड मोडली तेव्हा मी वळलो, जलीलभाई. पुढं कोणी नव्हतं."

मॅडमनी बोलू दिलं, आपण ऐकलंत, आभारी आहे. कमीजास्त बोललो असेन तर पोटात घाला.

साहेब, आता जरा उठा. पाठ आमच्याकडे करा. हैबती, ये रे पुढे. नीट बघ, आणि जोरात दे.