परसातल्या बिऱ्हाडाची चूल

फोडा ती, माझ्या डोळ्यांदेखत फोडा, नायतर मी माझं डोकं तिच्यावर फोडून घेते, अशी आये ओरडत होती, पदर खोचलेला, हातात मुसळ, आणि समोर रामा गवंडी ओल्या मातीने भरलेले दोन्ही हात वर करून उभा, जसा काय पोलिसाने बंदूक रोखलीय. काय सांगू तुम्हाला, माझ्या आयेच्या आवाजापुढे गिरणीचा भोंगा म्हणजे बासरी. ती प्रभादेवीला ओरडली की शीव कोळीवाड्यात जाळ्यातली मासळी उडी मारून परत पाण्यात जायची, हे मी नाही म्हणत, कोळणी म्हणायच्या. आणि एवढा तमाशा कशावरून, तर एका चुलीवरून. हातभर लांबीची मातीची चूल, अजून वाळलीसुद्धा नव्हती.

पण थांबा, लिहून घेताय तर मुळापासून घ्या. आम्ही प्रभादेवीचे, माडांच्या वाडीतले. माझा आजा माडाच्या शेंड्यावर बसून माडी काढायचा आणि तिथूनच खाली बायकोशी भांडायचा, तो उतरेपर्यंत भांडण शिळं झालेलं असायचं, म्हणून त्यांचा संसार टिकला. पुढे माड गेले, माडी सरकारने बंद केली, वाडी हातची गेली, ती कशी गेली ते सांगतो मागून, उरलं काय तर एक कौलारू घर आणि मागे परस, त्यात फणसाचं झाड, त्याला फणस कमी आणि कावळे जास्त. बाप गिरणीत गेला, त्याच्या मागून मी फिटर, माझ्या मागून धाकटा दत्तू साच्यावर, कापड विणायला. सरकारदरबारी आम्ही घरमालक. काय घरमालक हो! एक माजघर, त्यात मी, माझी बायको पारू आणि तीन पोरं, ओटीवर आये, आणि दत्तू वर माळ्यावर, तो कुशीवर वळला की खाली आमच्या डाळीत माती.

त्या दत्तूला लालबागचं स्थळ आलं. मुलगी सुलू, बाप गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, मिशी अशी की दोन टोकांना दोन कंदील टांगावेत. तो घर बघायला आला, माळा बघितला, खाली उतरला आणि म्हणाला, फिटर, माझी मुलगी चाळीत दहा माणसांत वाढली, साडीचा पडदा लावून तिचा संसार मी होऊ देणार नाही, वैशाखापर्यंत दत्तूच्या डोक्यावर वेगळं छप्पर दाखवा नायतर माझ्याकडे आणखी दोन स्थळं आहेत. दत्तूने तीन दिवस जेवण सोडलं. म्हणजे घरात सोडलं, इराण्याकडे बनमस्का खात होता, पण तोंड असं करायचा की बघवत नव्हतं.

त्याच सुमारास सरकारने ते नवीन काढलं. शहरात माणसांना जागा नाही, तर ज्यांच्या घरामागे जागा आहे त्यांनी आपल्याच परसात आणखी एक लहान बिऱ्हाड बांधावं, पैसे पेढी देणार आणि पेढीला हमी सरकार देणार. ऐकायला गोड. पण पैसे एकाचे आणि हमी दुसऱ्याची म्हणजे जावयाला दोन सासवा, एकीला खूष केलं की दुसरी रुसते. पेढीत गेलो की सरकारकडे जा, सरकारकडे गेलो की पेढीत जा, माझ्या चपला झिजून झिजून शेवटी मी नुसत्या अंगठ्यांवर चालत होतो, खोटं वाटत असेल तर पारूला विचारा. शेवटी पहिला हप्ता मिळाला, त्यात जोतं आणि भिंती झाल्या. छपराचा हप्ता सरकारी ओव्हरसियर येऊन बघून गेल्यावर.

तो आला. पुण्याकडचा, पाकिटातून काढावा तसा एकेक शब्द काढायचा. दार बघितलं, मोरी बघितली, मग म्हणाला, चूल? मी म्हटलं, साहेब, चूल आहे की, त्या घरात, आम्ही सगळे एकाच चुलीवर जेवतो. मग ही कोठी झाली, बिऱ्हाड नव्हे, तो म्हणाला, हमी बिऱ्हाडाला आहे. अहो, पण भाऊ इथे झोपणार आहे, म्हटलं. तर म्हणतो, झोपायला सरकार हमी देत नाही. सोमवारी परत येतो म्हणाला आणि गेला. माझं डोकं असं तापलं की पारूने त्यावर भाकरी टाकली असती तर फुगली असती.

आता आयेला कोण सांगणार? कारण आमच्याकडे दुसरी चूल म्हणजे खेळ नव्हे. आजा गेल्यावर माझ्या चुलत्याने याच परसात वेगळी चूल मांडली होती. आधी चूल वेगळी झाली, मग विहिरीवरची वेळ वेगळी, मग वाटणी, मग कोर्ट, आणि कोर्टाने सगळे माड खाल्ले. वाडी गेली ती अशी. बाप वारला तेव्हा चुलता गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला, आत आला नाही. आयेने ते बघितलेलं.

म्हणून मी बेत केला की रविवारी आये मोर्च्याला गेली की रामाकडून चूल घालून घ्यायची, सोमवारी साहेबाला दाखवायची, मंगळवारी फोडायची. आये सगळ्या मोर्च्यांना जायची. संयुक्त महाराष्ट्रासाठी तिने एक लाठी खाल्लेली, तिचा वळ पहिल्या दिवशी बोटाएवढा होता, दर वेळी सांगताना वाढत वाढत तो मानेपासून कमरेपर्यंत गेला. पण त्या रविवारी मोर्चा लवकर आटपला आणि आये घोषणा देतच घरात शिरली. पुढचं तुम्ही वर लिहिलंच आहे.

रामा तर पळाला. आये माझ्याकडे वळली. मेल्या, तिकडे मी मुंबई तुटू नये म्हणून उन्हात गळा फाडते आणि इकडे तू माझ्याच परसात फाळणी करतोस? मी म्हटलं, आये, चूल नाही तर छप्पर नाही, छप्पर नाही तर सुलू नाही. तर म्हणते, वाडी घालवलीत, आता भाऊ घालव. दत्तू फणसाखाली बसून रडायला लागला, हे साडेपाच फुटी धूड, कावळेसुद्धा गप्प झाले. मुसळ तिने खाली टाकलं आणि आत जाऊन रात्रभर भांडी आपटत राहिली. आयेचं भांडी आपटणं तुम्हाला ठाऊक नाही, त्यापेक्षा ती लाठी बरी.

सोमवारी ओव्हरसियर आला आणि त्याच वेळेला, माझं नशीब बघा, मिशीवाला व्याहीपण आला, छपराचं काय झालं बघायला. साहेबाने चुलीत वाकून बघितलं, बोट फिरवलं. ही पेटलेली दिसत नाही. परवा एकाने मला नुसती दाखवायची चूल दाखवली, पेटवा. पारू काडेपेटी घेऊन धावली तशी आये गरजली, काडी ओढलीस तर हात मोडीन. व्याह्याची मिशी खाली आली. मी मनात म्हटलं, गेलं छप्पर, गेली सुलू, आता दत्तू जन्मभर माळ्यावर.

आये आत गेली. बाहेर आली ती लोखंडी पळीत लालबुंद निखारे घेऊन, आमच्या जुन्या चुलीतले, जी माझ्या आजीच्या हातची, आणि परसातून चालत निघाली, हळू, पाण्याने काठोकाठ भरलेली घागर घेऊन चालावं तशी. साहेब बाजूला सरला, व्याहीही सरला. निखारे तिने नव्या चुलीत ठेवले, वर काटक्या, फुंकर मारली, धूर साहेबाच्या डोळ्यांत. मग त्याला म्हणाली, लिही काय लिहायचं ते. माझ्या घरातला विस्तव आहे हा. ही माझीच चूल, जरा लांब आहे एवढंच. साहेबाने डोळे पुसत काहीतरी लिहिलं, चहा घेतला, त्याच चुलीवरचा, आणि गेला.

छप्पर आलं, वैशाखात सुलू आली. आणि मग माझ्या डोक्याचा ताप सुरू झाला. आयेचा कायदा असा की नव्या चुलीत काडी ओढायची नाही, रोज सकाळी सुलूने आमच्याकडून विस्तव न्यायचा. काय वैताग सांगू! पहाटे माझी गिरणीतली पाळी, मी धोतर सावरतोय आणि सुलू निखारे न्यायला दारात, पारूचा विस्तव पेटलेला नसला तर दोन्ही घरं उपाशी, पावसाळ्यात सुलू पळी घेऊन पुढे आणि घरमालक फिटर मागे छत्री धरून. एकदा निखारा माझ्या पायावर पडला, हा बघा डाग. सरकारने आमची दोन बिऱ्हाडं केली, आयेने एक केलं, आणि मधल्यामध्ये भाजलो मी. दर महिन्याला पेढीत हप्ता भरताना मी म्हणायचो, या असल्या वेगळ्या बिऱ्हाडापायी मी पैसे मोजतोय!

आये राज्य झालेलं बघून गेली. त्या दिवशी सबंध गल्लीला पेढे वाटले, चुलत्याच्या नातवंडांनासुद्धा बोलावून दिले. पावसाळा संपता संपता गेली, कुणाला त्रास न देता, आयुष्यात पहिल्यांदाच आवाज न करता.

दिवसकार्य उरकलं, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी पारूने चूल पेटवली, निखारे बाजूला काढून ठेवले. मी कामावर निघायचा थांबलो. उगाच. भोंगा झाला. परसात बघतो तर नव्या कौलांतून धूर निघतोय. काय करणार, त्यांचंही खरंच आहे, पोर लहान, सकाळची घाई, देव त्यांचं भलं करो, मी काही बोललो नाही. म्हणजे एवढंच बोललो, दारातून हाक मारली, अगो सुलू, आज विस्तव न्यायचा नाही का?

ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, काडेपेटी आहे, भावजी.