दुर्गेश्वरीचं विमान आणि मी मधे

...नाही हो, मार्शल जीपच होती, की बोलेरो? बघा, इथपासूनच माझी आठवण डळमळते. साल २००९ असावं, छातीठोक सांगत नाही, पण मी पुढच्या बाकावर मधे बसलो होतो हे नक्की, कारण गिअरचा दांडा गुडघ्याला लागत होता!

तुम्हाला सांगतो, माणसानं फार शिकू नये. मी धानावरच्या तुडतुड्यांवर डॉक्टरेट केली, तर धाकटा भाऊ रेवाराम गावभर सांगत सुटला की आमचा दादा उडनाऱ्या गोष्टीचा डाक्टर हाये. झालं! त्याच्या पोरीनं, दुर्गेश्वरीनं, पायलट व्हायचं ठरवल्यावर फ्लाइंग स्कूल निवडायचं कोणी? मी! अहो, मी मंडईच्या जत्रेतल्या पाळण्यातसुद्धा डोळे मिटून बसतो...

पोरीला मागच्या बाकावर घेऊन निघालो बिरसीच्या हवाईपट्टीवरचं स्कूल बघायला, तर कोहमाऱ्याच्या ढाब्यावर परराज्यातल्या कुठल्याशा स्कूलचा एजंट चढला. उजवीकडे रेवाराम गाडी हाकतोय, डावीकडे हा खांद्यावर रेलून, 'अंकल, सौ टक्का प्लेसमेंट, एअरलाइनवाले खुद घर आके ले जाते हैं.' आणि मी मधे! पेपरात रोज वाचत होतो, कंपन्या असलेल्या पायलटांनाच घरी पाठवत होत्या, नव्यांना विचारतो कोण? पण हे बोलायला तोंड फिरवावं तर त्याची दाढी गालाला घासायची.

बिरसीला पोरगी कुंपणाची तार धरून उभी. छोटी छोटी विमानं उतरायची, पुन्हा उडायची, हिची मान त्यांच्याबरोबर. हळूच म्हणाली, "मोठे बाबा, मले हेच करायचं हाये. तुमी नाई म्हनलं तं बाबा बीएस्सीले टाकून देतील."

आता सांगा, काय करायचं माणसानं?

घरी बैठक बसली. एका खाटेवर रेवाराम, दुसऱ्या खाटेवर एजंट आणि मी मधे, खुर्चीवर! रेवारामची बायको जमुनाबाई दाराआड. मी तिचा भासरा ना, म्हणजे थोरला दीर, लग्न होऊन आली तेव्हापासून माझ्यासमोर एक शब्द बोललेली नाही, नुसत्या बांगड्या वाजायच्या. रेवारामनं बिरसीचं विचारलं. खोटं कसं बोलू? म्हणालो, नोकऱ्या नाहीत, पोरगी लायसन घेऊन घरी बसेल, शिवाय इंजिन बंद पडलं तर?... पोरीनं मान खाली घातली. आणि एजंटचं स्कूल? मला केव्हापासून लघवीला जायचं होतं हो! म्हणालो, ठीक दिसतं.

दाराआड बांगड्या वाजल्या. रेवाराम आत गेला, बाहेर आला, म्हणाला, "बिरसी."

मग मला विचारलं कायले?

आणि झालं काय? मी म्हणालो तेच! लायसन आलं, नोकरी नाही. चार वर्षं पोरगी सडक अर्जुनीला फिजिक्सची ट्यूशन घेत होती. लग्नाच्या पंगतीत सोयरे मलाच धरायचे, 'काऊन जी डाक्टर, पोरगी उडून नाई राहिली?' डावीकडून सोयरे विचारताहेत, उजवीकडे रेवाराम भात कालवतोय आणि मी मधे! अहो, मी नाही म्हणालो होतो, हे कोणाच्या लक्षातच नाही...

शेवटी २०१५ला लागली एअरलाइनमध्ये. पेढे घेऊन जमुनाबाई आली आणि डोक्यावरचा पदर सावरत पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"भासरे, तुमी बिरसीले भेले म्हनून तं आमी हो म्हनलं जी. तुमी ज्याले भेता, ते काम पार पडते."

माझी भीती म्हणजे ह्यांचा शुभशकुन? मला पटेना. रेवारामकडे खातरजमा केली. तो पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत म्हणाला, खरं हाये दादा. इटियाडोह धरणाच्या नहराजवळचं वावर घेताना तुमी भेले, तिथं सोनं पिकते. जमुनेच्या सोयरिकीलेबी भेलेच होते ना?

जमुनाबाई हसली!

आता मागच्या महिन्यात दुर्गेश्वरीनं हट्ट धरला, मोठे बाबा माझ्या विमानात बसलेच पाहिजेत. रेवाराम विचारतो, दादा, भेव वाटते का? आणि तुम्हाला सांगतो, जन्मात पहिल्यांदा मला भीती वाटत नव्हती. पोरगी चालवणार, कसली भीती? पण तसं म्हणालो असतो तर ह्यांनी घाबरून पोरीलाच खाली उतरवलं असतं!

म्हणालो, खूप भेव वाटते.

लगेच तिकिटं काढली. खिडकी जमुनाबाईला, कडेला रेवाराम...

आणि मी मधे.