मोडीचं टेबल

बढती मिळत नाही म्हणून रडताय ना, मग माझं ऐका. बेंगळुरूच्या टपाल खात्यात सॉर्टिंगला मोडी वाचणारा मी एकटाच. तेव्हा आपल्यातली म्हातारी माणसं पत्तासुद्धा मोडीतच लिहायची. बढतीचा विषय काढला की साहेब म्हणायचे, "राव, तुम्ही वर गेलात तर ही पत्रं कोण वाचणार?"

"कुणालातरी शिकवतो की, साहेब."

"बघू, बघू."

आणे जाऊन नवे पैसे आले, कार्डं बदलली, तिकिटं बदलली, माझं टेबल तेच राहिलं. तिथूनच रिटायर झालो.

दोन महिन्यांनी साहेबांचा निरोप आला. "मोडीचा ढीग साचलाय. स्वल्प येऊन वाचून द्या." मी गेलो, तेही फुकट. दुसरं काय येतं मला?

चौथंच कार्ड तंजावरच्या माझ्या अक्काचं निघालं. वर पत्ता माझाच. "छातीत दुखतं रे. एकदा येऊन तोंड दाखव." आणि मी इकडे, अक्का पत्र टाकत नाही म्हणून रुसून बसलो होतो!

ढिगात खाली तिचंच दुसरं कार्ड होतं, महिन्याभरानंतरचं. त्यात एकच ओळ. "आता येऊ नकोस."

मला डोकं धरून बसलेला पाहून साहेब जवळ आले. मी दोन्ही कार्डं वाचून दाखवली. ते हळहळले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले,

"पाहिलंत ना, राव? म्हणूनच तुम्हाला या टेबलावरून हलवत नव्हतो."