नको तो कॉलम

सोलापूरच्या एसटी स्टँडवर रंभाबाई करकंबच्या गाडीची वाट बघत होत्या. शेजारच्या बाकावर लॅपटॉप उघडून धम्मप्रिया अजिंक्यवर तडकली होती. रंभाबाईंना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण कान तिकडंच.

"सकाळपासून स्क्रीनवर नुसतं चक्र फिरतंय हे! अख्ख्या शहराच्या तक्रारी नागरिकांच्या यादीला सगळे कॉलम घेऊन जोडल्यास?"

"शेवटी नको ते काढलेत की."

"शेवटी काढून काय उपयोग? ओझं आधी ओढलंसच ना! आपल्याला काय हवंय? कुठल्या गल्लीत पाणी येत नाही, एवढंच ना?"

"व्हय."

"मग नको ते आधी टाक, मग जोड."

"बरं बाई. ईमेल काढला. जन्मतारीख काढली. शिक्षण काढलं. आता बघ कसं पळतंय!"

"थांब. गल्ली, तक्रारीची तारीख... आणि ही जात?"

"असू दे की."

"कशाला? नळाला लागते?"

"तसं न्हाय गं. तो कॉलम पहिल्यापासून असतोच."

"जन्मतारखेचं ओझं झालं तुला. ह्याचं नाही झालं?"

अजिंक्यनं कर्सर त्या कॉलमवर नेला.

करकंबची गाडी लागली. पिशवी उचलून रंभाबाई दोन पावलं गेल्या आणि वळल्या.

"काढलं का रं पोरा?"