यासिर कोणाचा होता

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. दिवसभर काम करून, तोझाई लाइनच्या ट्रेनची गर्दी सोसून तुम्ही ग्योतोकुच्या या हॉलमध्ये आलात. मला माइकवर बोलायची सवय नाही. आणि यासिरबद्दल 'होता' म्हणायची तर नाहीच. सांभाळून घ्या.

यासिर सुदानचा. इंजिनिअरिंग पुण्यात केलं, मराठी मेसच्या काकूंकडून शिकला. इथं टोकियोत, तोयोसुच्या ऑफिसात, तो माझ्या मिस्टरांच्या टीममध्ये. तिथं यासिर-सान, आमच्याकडे यासिरभाऊ. मला वहिनी म्हणायचा.

तिकडे युद्ध पेटलं तेव्हा त्याची आई खार्टूममध्ये होती. तिथून ती वाद मदनी नावाच्या शहरात, आपल्या बहिणीकडे गेली. युद्ध मागोमाग तिथं पोचलं. मग ती पार समुद्रकाठी, पोर्ट सुदानला. तिथवर लढाईची आघाडी येणार नाही, असं सगळे म्हणाले. आघाडी नाही आली. ड्रोन आले.

एकदा जेवताना मी विचारलं, "भाऊ, नक्की कोण कोणाशी लढतंय?"

म्हणाला, "वहिनी, एकीकडे सैन्य, दुसरीकडे निमलष्करी दल. दोघं आधी एकत्रच होते. शिवाय ठिकठिकाणी वेगळे गट, आज यांच्याकडे, उद्या त्यांच्याकडे. शस्त्रं बाहेरच्या देशांची, भाडोत्री सैनिक बाहेरचे, आमचं सोनंही बाहेर जातं. मरायला तेवढे आम्ही."

आवाज चढवला नाही त्यानं. वरणभात कालवत होता.

त्याचा धाकटा भाऊ सैन्यात. मामेभाऊ समोरच्या बाजूला. दोघांना यानंच सायकल शिकवलेली. दोघांचे फोन यायचे, तू कोणाचा? इथली सुदानी माणसं मोजकी. तीही विचारायला लागली, तू कोणाचा? हा म्हणायचा, आईचा. तेवढं कोणालाच पुरेना. हळूहळू त्यांच्याकडे जाणं सुटलं. ईदलाही खोलीतच बसला. टोकियोत त्याची भाषा बोलणारी माणसं होती, आणि त्यांच्याशी बोलायची सोय राहिली नव्हती. हा एकटेपणा आपल्याला कळतो का हो? आपण परक्या देशात आहोत. तो आपल्याच माणसांत परका झाला होता.

गेल्या सोमवारी तो ऑफिसात आला नाही. फोन उचलेना. आमचे हे घरमालकाला घेऊन त्याच्या खोलीवर गेले. झोपेतच हृदय थांबलं होतं.

दफनाला ती सुदानी माणसं आली. दोन्ही बाजूंची आली. दोन घोळके करून लांब लांब उभी राहिली. माती लोटायची वेळ आली, तेव्हा फावडं एकच होतं. ते या घोळक्यातून त्या घोळक्यात गेलं. कोणी कोणाकडे पाहिलं नाही. पण दिलं, आणि घेतलं.

काल त्याच्या आईशी फोनवर बोलले. आईंशेजारी त्याची बहीण होती, नूर; ती इंग्रजीत सांगत होती. मला वाटलं, विचारतील, कसा गेला, त्रास झाला का. त्यांनी विचारलं, "त्याच्या कबरीपर्यंत जाताना वाटेत कोणाची चौकी लागते का?"

मी म्हटलं, "नाही हो, आई. इथून ट्रेन आहे, पुढे बस. कोणी अडवत नाही."

मग म्हणाल्या, "मग तुम्ही जात जा."

मी रविवारी जाणार आहे. ज्यांना जमेल त्यांनी चला. नाही जमलं तर पुढच्या वेळी चला.

आता सगळे उभे राहू या. यासिरभाऊसाठी दोन मिनिटं शांत राहू या.