न कापलेली पानं

बुलढाण्याच्या वाचनालयाचं दार अजून उघडायचं होतं. शाळेतल्या मुलांसाठी गोष्टींची पुस्तकं न्यायला आलेले वामनराव गुरुजी पायरीवर टेकले. शेजारी पिंपळगाव राजा या गावचं एक वयस्क जोडपं बसलं होतं. म्हाताऱ्याच्या मांडीवर एका नामांकित गवयाच्या आठवणींचं नवंकोरं पुस्तक होतं. त्याची शेवटची पानं कडेला न कापल्यानं एकमेकांना जोडलेलीच होती.

“आज वापस कराचं हाये, अन ही पानं कापलीच नाही तुमी. काऊन?” म्हातारीनं विचारलं.

“राहू दे व.”

“‘बुवा आपल्या गावात गायले तवा तंबोऱ्यावर मी होतो, पुस्तकात माझं नाव येईनच,’ असं महिनाभर सांगून राह्यले ना मले?”

“आतापर्यंत नाही आलं. ह्या पानातही नसलं तं?”

“म्हणून बंदच ठेवता? लेकरं निकाल पाहाले भेतात तसे!”

गुरुजींनी पेन्सिलीचा चाकू पुढे केला. पानं कापून झाल्यावर म्हातारा अडखळत वाचू लागला.

“‘पिंपळगाव राजाला गाणं रंगलं. तंबोऱ्यावरचे गृहस्थ मात्र भैरवीच्या वेळी माझ्या पाठीला टेकून गाढ झोपले होते.’”

“अगं माय! अन मले सांगितलं, बुवानं पाठ थोपटली म्हणून!”

“थोपटली ना. जागं कराले.”

“पण नाव कुठं हाये तुमचं?”

“नाव काय कराचं? झोपलो तं मीच होतो! आज पुस्तक वापस नाही करत. आधी भजनी मंडळात वाचून दाखवतो.”

“काय, तुमी झोपले ते?”

“हाव! पण कोणाच्या पाठीवर झोपलो, ते तं पाह्य!”